पिकाचू आला, आली की आलं?

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा पोकेमॉन गेममधल्या पिकाचूला 'तो' म्हणतो, धाकटी 'ती' म्हणते. मुलाचं म्हणणं, शेपटीचं टोक बघून ठरवायचं असतं. मराठीत बरोबर काय? की काल्पनिक प्राण्यांना पुल्लिंगच लावायची पद्धत आहे?"

अशी कुठलीही पद्धत मराठीत नाही. ही समजूत हल्ली फार कानावर येते आणि ती कुठून आली हेही उघड आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पोकेमॉन, म्हणजे पिकाचू ज्यांतला एक ते जपानी गेममधले काल्पनिक प्राणी, भेटले ते हिंदीत डब केलेल्या मालिकेतून. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे अनोळखी जीव बहुधा पुल्लिंगात जातो. 'पिकाचू आया' म्हणतच मुलं मोठी झाली आणि मराठी बोलताना 'पिकाचू आला' म्हणू लागली. हिंदीला दुसरा पर्यायच नव्हता. आपल्याकडे तिसरं लिंग हाताशी असताना आपण ते वापरत नाही, हे मात्र खटकतं.

त्याहून जास्त चीड येते ती "'ते' म्हणजे निर्जीव वस्तू" या समजुतीची. जिवंत, गोड प्राण्याला 'ते' म्हटलं की त्याचा अपमान होतो, असं चांगली शिकलेली माणसं मला सांगतात. हे इंग्रजीतलं 'इट' मराठीच्या डोक्यावर बसवणं आहे. मुलं शाळेतून आली, माणसं जेवून उठली, गुरं गोठ्यात शिरली, पाखरं उडाली. यातलं निर्जीव काय आहे? बाळ रडतं, मूल हसतं, लेकरू झोपतं. मराठीने सगळ्यात लाडकी नामं नपुंसकलिंगात ठेवली आहेत आणि आपण त्याच लिंगाला हिणवतो.

आता शेपटी. मुलगा सांगतो ते खरं आहे. 2006 साली आलेल्या 'डायमंड' आणि 'पर्ल' या गेमपासून पिकाचूच्या मादीच्या शेपटीला बदामाचा आकार दिला आहे आणि नराचं टोक सरळ कापल्यासारखं आहे. मालिकेचा नायक ॲश, त्याच्या पिकाचूची शेपटी सरळ आहे, म्हणून तो नर. पोकेमॉनचे पहिले गेम 1996चे. त्यात नर-मादी हा प्रकार नव्हताच, अपवाद एका निडोरानचा. त्याचे नर आणि मादी हे दोन वेगळे प्राणी धरले होते, एकाचा क्रमांक 32, दुसरीचा 29. बाकीच्यांना नर-मादी मिळाली ती 1999च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये. म्हणजे पहिली तीन वर्षं पिकाचू नर की मादी याला उत्तरच नव्हतं. ज्या जपानी भाषेत तो जन्मला, तिच्यात नामाला लिंग नाही आणि क्रियापदही लिंगाने बदलत नाही. त्या भाषेला हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं.

मराठीला तो पहिल्याच वाक्यात पडतो. आला, आली, आलं यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंग्रजीतला खेळाडू पुन्हापुन्हा नाव घेऊन सर्वनाम टाळू शकतो, पण मराठीत क्रियापदच तुम्हाला धरतं. 'पिकाचू पळतोय' म्हणा, 'पळतेय' म्हणा, नाहीतर 'पळतंय' म्हणा. सुटायच्या वाटा थोड्या आहेत. एक भविष्यकाळाची, 'पिकाचू येईल'. दुसरी 'ने'ची: 'पिकाचूने उडी मारली', 'पिकाचूने दगड फोडला'. इथे क्रियापद उडीच्या आणि दगडाच्या मागे जातं आणि पिकाचू मोकळा राहतो. खेळणाऱ्या मुलांचं बोलणं नीट ऐका. निम्मी वाक्यं 'ने'ची असतात, कारण खेळात सारखं कोणीतरी कोणाला तरी मारत असतं. भांडण जुंपतं ते पिकाचू नुसता येतो किंवा पडतो तेव्हा.

पण शेपटीवरून कळतं ते एवढंच, नर की मादी. शब्दाचं लिंग ही वेगळी गोष्ट आहे. उंदीर पुल्लिंगी, खार स्त्रीलिंगी, कासव नपुंसकलिंगी, म्हणून जगातले सगळे उंदीर नर आणि सगळ्या खारी माद्या झाल्या का? मुंगळा हा मुंगीचा नवरा नव्हे, ती मुंग्यांची वेगळी, मोठी जात आहे. पाल आणि सरडा यांचं जोडपं मानणारे लोकही मला भेटले आहेत.

हा घोटाळा नवा नाही. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात तो नीट मांडून ठेवला आहे. आधी तो एक भाबडी व्याख्या देतो: 'स्तनकेशवती स्त्री स्याल्लोमशः पुरुषः स्मृतः', स्तन आणि लांब केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, आणि दोन्ही नसतील ते नपुंसक. मग स्वतःच ती मोडीत काढतो. बाह्य खुणांवर लिंग ठरवायचं तर भ्रूकुंसाचं, म्हणजे स्त्रीवेष घेतलेल्या नटाचं काय? त्याला स्त्रीप्रत्यय लावाल का? आणि खाटेला कुठे स्तन आहेत, तरी खट्वा स्त्रीलिंगीच. शेवटी त्याचा निर्वाळा: लिंग शिकवून येत नाही, ते लोकांच्या वापरावर अवलंबून असतं. संस्कृतात बायकोला भार्या म्हटलं तर स्त्रीलिंग, दार म्हटलं तर पुल्लिंग, कलत्र म्हटलं तर नपुंसकलिंग. बाई तीच.

व्हिडिओ गेम बनवणारे मात्र अजून त्या पहिल्या, मोडीत निघालेल्या व्याख्येवरच आहेत. पॅक-मॅन 1980चा: एक पिवळा गोळा, तोंड उघडं, बाकी काही नाही. दोन वर्षांनी मिस पॅक-मॅन आली तेव्हा त्याच गोळ्याला लाल रिबन बांधली, ओठ रंगवले, गालावर तीळ काढला. खुणा चिकटवल्या की झाली ती. आणि खुणा नसलेला मूळ गोळा आपोआप 'तो'. गार्डेव्हॉर हा पोकेमॉन पाहा. पायघोळ झग्यासारखं अंग, बारीक कंबर. खेळणारे डोळे झाकून 'ती' म्हणतात, पण गेमच्या हिशेबात त्यातले निम्मे नर असतात. पतंजलीचा भ्रूकुंस तो हाच! गोल गुलाबी जिगलीपफला सगळे 'ती' म्हणतात, तिच्यातही चारात एक नर आहे. उलट मारिओच्या गेममधला डायनासोर योशी अंडी घालतो तरी इंग्रजीत 'ही'च.

मग अनोळखी प्राण्याला मराठीने लिंग द्यायचं कशावरून? एक मत असं की जवळच्या ओळखीच्या प्राण्यावरून. बस 'ती' झाली कारण गाडी 'ती', तसा पिकाचू उंदरासारखा म्हणून 'तो', आणि स्क्वर्टल नावाचा पोकेमॉन कासवासारखा म्हणून 'ते'. हे मत मांडणाऱ्यांना वाटतं की प्रश्न संपला. पण या न्यायाने बस आणि मोटार सांभाळता येतात, पिकाचू नाही. त्याला मुलं उंदीर समजतच नाहीत. गेममध्ये त्याला उंदीर म्हटलं आहे हे खरं आणि नावातलं 'चू' हे उंदराचं चूं-चूं आहे हेही खरं, तरी चित्र पाहून कोणाही मराठी माणसाच्या तोंडून पहिला शब्द 'पिल्लू' असाच येईल. आजी त्याला पिल्लूच म्हणेल. आणि पिल्लू म्हटलं की 'ते' ठरलं.

शब्दाच्या शेवटावरूनही काही ठरत नाही, हे जाता जाता सांगतो. ऊकारान्त म्हणून पिकाचू पुल्लिंगी, असं एका गृहस्थाने ठासून सांगितलं. विंचू, लाडू पुल्लिंगी. जळू, सासू, वाळू स्त्रीलिंगी. वासरू, पाखरू, कोकरू नपुंसकलिंगी. निष्कर्ष काय काढणार?

पण या तिसऱ्या गटापाशी थांबायलाच हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. वासरू, पाखरू, लेकरू, मेंढरू, शिंगरू, कोकरू. हा 'रू' कुठला? वासरू म्हणजे वत्सरूप. वत्सचं प्राकृतात वच्छ झालं आणि मराठीने त्या च्छचा स केला, जसा मत्स्य, मच्छ, मासा. मागचं रूप झिजून रूअ झालं आणि मग रूं. जुन्या पुस्तकांत वासरूं, पांखरूं असं अनुस्वार देऊन छापलेलं दिसेल. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ती खूण गेली. गुरं या शब्दाचं एकवचन गुरूं, तेही गोरूप. पालीत गोरूप म्हणजे गुरंढोरं, आणि बंगालीत आज गाईला 'गोरु' म्हणतात तो हाच शब्द. एका वासराच्या शेपटाला धरून आपण बंगालपर्यंत जातो!

आता माझं मत. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'प्रशंसायां रूपप्': कौतुक करायचं असेल तर शब्दाला रूप लावा. पटुरूप म्हणजे फारच हुशार. चोररूप म्हणजे असा पक्का चोर की डोळ्यातलं काजळ नेईल. वत्सरूपातलं रूप हे मुळात याच कौतुकाचं असावं: काय गोजिरवाणं वासरू! संस्कृतात हा प्रत्यय लागला तरी मूळ शब्दाचं लिंग कायम राहतं. लोकांनी मात्र ते रूप नाम म्हणून ऐकलं, आणि रूप हे नपुंसकलिंगी, म्हणून वासरूही नपुंसकलिंगी झालं. म्हणजे वासराचं, पाखराचं नपुंसकलिंग हे कौतुकातून आलेलं आहे. ज्याला लोक निर्जीवाचं लिंग म्हणतात ते, निदान या शब्दांत, लाडाचं लिंग आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हा 'रू' म्हणजे नुसता लघुत्वाचा, लहानपणा दाखवणारा प्रत्यय, हिंदी बछड़ामधला ड़ आणि वासरूमधला र एकच. मला हे मुळीच पटत नाही. मराठीला ड जड जात नाही. करडू आणि पारडू या शब्दांत तो ठणठणीत आहे. मग वासरातच त्याचा र का व्हावा? आणि बछड़ा पुल्लिंगी, आकारान्त. आमचं वासरूं नपुंसकलिंगी, सानुनासिक. हा फरक या मंडळींच्या मांडणीत कुठेच सुटत नाही. करडू-पारडूंना ऊकार मिळाला तो वासरू-पाखरूंच्या पंगतीत बसून, असं मी म्हणेन.

आणि हे लाडाचं लिंग वयाचंही आहे. शिंगरू ते, मोठं झालं की घोडा तो नाहीतर घोडी ती. रेडकू ते, मग रेडा किंवा म्हैस. वासरू ते, मग बैल किंवा गाय. पोरगं ते, मग पोरगा, पोरगी. शेतकऱ्याला वासरू कालवड आहे की गोऱ्हा हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, तरी तो 'वासरू पितंय' असंच म्हणतो. त्याचं अज्ञान नाही हे. त्या वयाला ते लिंग भाषेने दिलं आहे. पोकेमॉनमध्ये तर पिचूचा पिकाचू होतो आणि पिकाचूचा रायचू, म्हणजे वाढत जाणारा प्राणी आणि दर टप्प्याला नवं नाव. शिंगरू-घोडा म्हणणाऱ्या भाषेला ही रीत परकी नाही. माझ्या लेखी पिचू ते, पिकाचू ते, आणि रायचूपाशी शेपटी बघून तो किंवा ती. ॲशचा पिकाचू तेवढा 'तो', कारण तिथे प्रजातीविषयी बोलत नाही, एका ठरावीक व्यक्तीविषयी बोलतो आहोत. कालवडीचं नाव कपिला ठेवलं की तीही वासरू असली तरी 'कपिला आली'च होते.

मादीलाच 'ते' म्हणणं कोणाला अजून खटकत असेल तर त्यांनी जरा खाली, किनाऱ्याकडे यावं. कोकणीत मुलीला चेडूं म्हणतात, आणि चेडूं नपुंसकलिंगी आहे: तें आयलें. लहान मुलीबद्दल, वयाने लहान बाईबद्दल गोव्यात 'तें' सहज येतं, आणि मोठ्या बाईला 'ती'. मालवणीतही चेडू म्हटलं की 'ता चेडू'. चेडवाला निर्जीव समजून कोणी 'ता' म्हणत नाही. 'ते' म्हणजे अपमान म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी एकदा सावंतवाडीच्या बाजारात जाऊन हे सांगून बघावं.

वाचकांकडून मला हवे आहेत ते या 'रू'चे आणखी शब्द. कोकरू, शिंगरू सगळ्यांना माहीत आहेत. खानदेशात, मराठवाड्यात, वऱ्हाडात, चंदगड-आजऱ्याकडे जनावरांच्या पिल्लांना, पाखरांना, किड्यांना रूकारान्त नावं असतील तर ती गावाच्या नावासकट कळवा, आणि त्यांना 'ते' लावतात की आणखी काही, तेही लिहा. बोलण्यात शेवटचा ऊ नाकातून येत असेल तर ते तर आवर्जून.