स्पेसमधली लढाई लिहिताना सायन्स किती पाळायचं आणि थरार किती ठेवायचा?

माझं विचाराल तर आवाजाच्या भानगडीत पडूच नका. अंतराळात आवाज जात नाही हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीये, तरी स्फोटाचा धडाम ऐकून कोणी थिएटर सोडून जात नाही. खरी गोची होते ती जहाजं विमानासारखी वळायला लागली की. 'स्टार वॉर्स'मध्ये ते खपून गेलं, त्या मारामाऱ्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं फुटेज बघूनच बसवल्या होत्या, पण हवाच नाही तर पंख टेकवणार कशावर? त्यापेक्षा 'द एक्स्पान्स' ही सिरीज बघा, स्पीड कमी करायचा तर अख्खं जहाज उलटं फिरवून इंजिन पेटवायचं आणि आतल्या माणसांची खुर्चीत चटणी, म्हणजे फिजिक्स हाच थरार.

आणि हो, सोव्हिएत सॅल्यूत-3 ह्या स्पेस स्टेशनवर खरीखुरी तोफ होती, 1975 मध्ये ती डागूनही बघितली (आत माणसं नसताना). तोफ स्टेशनला फिक्स, म्हणजे नेम धरायला पूर्ण स्टेशनच फिरवायचं... यावर एक अख्खा सीन होतो राव!

उष्णतेचंही तसंच, व्हॅक्यूममध्ये ती फक्त रेडिएशननेच बाहेर जाते, त्यामुळे रेडिएटर (उष्णता बाहेर फेकणारे मोठे पत्रे) उघडे ठेवले तर शत्रू फोडणार आणि मिटून घेतले तर आपणच आत शिजणार, कॅप्टनला ह्या पेचात टाका की. लेझर मात्र बिनधास्त दिसू द्या, न दिसणाऱ्या किरणांची लढाई कोण बघत बसणार.