घंटा वाजायच्या आधी

कोल्हापूर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहावीचा वर्ग आवरत नाही, ओरडून घसा बसतो आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो, असं लिहिलंयस. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मी टेबलावर छडी ठेवून शिकवायचे. पोरं गप्प बसायची, पण मी फळ्याकडं वळले की पुन्हा तेच.

पोरांनी दंगा केला तर काय करू, असं तू विचारतेस. दंगा सुरू झाल्यावर आपल्या हातात फारसं उरत नाही गं. आपल्याकडच्या तालमीत पोरं उतरायच्या आधी हौदातली माती उकरून मऊ केलेली असते. माती कडक राहिली, तर वस्तादानं कितीही ओरडून पोरांचं हाड वाचत नाही. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० साली तो मांडला. शिक्षक रागावतात कसे, यानं वर्गाच्या शिस्तीत फारसा फरक पडत नव्हता. सगळ्या वर्गावर नजर असणं आणि एका कामातून दुसऱ्या कामात न रेंगाळता जाणं, यानं पडत होता.

म्हणून पोरांच्या आधी दारात उभी राहा. प्रत्येकाला नावानं हाक मार. फळ्यावर एखादं छोटं काम आधीच लिहून ठेव, म्हणजे बसल्याबसल्या हात कामाला लागतात. तास बदलताना तू पिशवीत पुस्तक शोधत राहिलीस, की तेवढ्यात वर्ग गेलाच म्हणून समज. वह्या कशा गोळा करायच्या, गट कसे करायचे, हे नुसतं सांगू नको. पहिला आठवडा त्यांच्याकडून करून घे, चुकलं तर न चिडता पुन्हा. आणि नुसतं ‘शाबास’ म्हणू नको. ‘तुझं झाल्यावर शेजारच्याला पट्टी दिलीस, बघितलं मी,’ असं म्हण. मोठ्या पोरांना हे जवळ जाऊन हळूच सांग, चारचौघांत ती लाजतात.

एका पोराचं सांगते. तिसऱ्या तासाला हा हमखास पुढच्याच्या पाठीत कंपासचं टोक टोचायचा. तीन महिने मी त्याला शिक्षाच करत राहिले. मग एकदा त्याच्या वस्तीवर गेले. आई गोठ्यातच होती. म्हणाली, ‘बाई, पहाटे चारला उठतंय ते. धार काढून, डेअरीला दूध घालून मग शाळेला येतंय.’ पोटात चहा आणि एक बटर, एवढंच. तिसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटायला लागायचे आणि झोप घालवायला तो खोड्या काढायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या तासाच्या सुरुवातीला वह्या वाटायचं काम त्याच्याकडं दिलं आणि जागा खिडकीजवळ केली. पंधरा दिवसांत कंपास दप्तरात राहायला लागला. सगळं सुटलं असं नाही, परीक्षेच्या दिवसांत तो पुन्हा चिडायचा. पण कुठं बघायचं हे मला कळलं होतं. त्या तीन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

मारणं आणि पाणउतारा करणं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं बंदच केलंय. पण वर्गाबाहेर उभं करण्याची सवयही लावून घेऊ नको. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते पोर वर्गात यावं म्हणून. त्याला आपणच व्हरांड्यात पाठवायचं, हे मला पटत नाही.

सध्या एवढंच कर. कोण कुठं बसतं याचा कागदावर नकाशा काढ. कुठल्या तासाला, कुठल्या कोपऱ्यातून गडबड सुरू होते, तिथं आठवडाभर खूण करत जा. रविवारी तो कागद घेऊन घरी ये, जेवायलाच ये. आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
बाई