मुलाच्या डीपीवर जोकर, आईच्या पोटात गोळा

"मॅडम, डीपीवर जोकर, खोलीच्या भिंतीवर जोकर, स्टेटसला रोज त्याचेच डायलॉग. उद्या हा काही करून बसला तर?"

टॉड फिलिप्सचा 'जोकर' 2019 मध्ये आपल्याकडे लागला (तोही 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीचा मुहूर्त साधून!), तेव्हापासून समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच आहे. विचारणाऱ्या बहुतेक आया. वडील सहसा बाहेर गाडीत बसलेले असतात, नाहीतर "मोबाइल काढून घे म्हटलं, तर हिला जमत नाही" एवढं बोलून मोकळे होतात.

भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत ऑरोरा इथे 2012 साली बॅटमॅनचा (जोकर हा त्याच्याच गोष्टींतला खलनायक) चित्रपट चालू असताना थिएटरात गोळीबार होऊन 12 माणसं गेली. 'जोकर' येणार म्हटल्यावर तिथल्या काही पीडित कुटुंबांनी निर्मात्या कंपनीला पत्र लिहून आपली काळजी कळवली होती. आपल्याकडे चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र मिळालं, पण घरातल्या मोबाइलवर वय कोण तपासतो?

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॉथम या कल्पित शहरात आर्थर फ्लेक म्हाताऱ्या आईला सांभाळतो, विदूषक बनून दुकानांच्या जाहिराती करतो आणि मोठा कॉमेडियन होण्याची स्वप्नं बघतो. त्याला भलत्या वेळी हसू फुटतं आणि आवरत नाही. लोक त्याला हसतात, बडवतात. शेवटी तो खून पाडायला लागतो आणि चिडलेली गर्दी 'जोकर' म्हणून त्याला डोक्यावर घेते. 1940 पासून कॉमिक्समध्ये बॅटमॅनला छळणारा हा खलनायक इथे गोष्टीच्या मधोमध आहे. बॅटमॅन अजून शाळकरी पोर आहे.

आता त्या मुलाकडे येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, वय 19, दोन विषयांत एटीकेटी. कॉलेजला जाणं बंद, रात्रभर जागरण. आईची खात्री होती की चित्रपटानं डोकं फिरवलं. मला चित्रपटापेक्षा माणूस त्यातून काय उचलतो यात जास्त रस असतो, म्हणून आईला बाहेर बसवून मी एकच विचारलं.

"सगळ्यात जास्त वेळा कुठला सीन बघितलास?"

मला वाटलं होतं, जिन्यावरचा नाच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला तो लांबलचक जिना इतका गाजला की लोक तिथे फोटो काढायला जाऊ लागले. आईला विचारलं असतं तर तिनं टीव्ही शोमधला गोळीबार सांगितला असता.

"ब... बसमधला," तो म्हणाला.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच येणारा हा छोटासा प्रसंग. बसमध्ये पुढच्या सीटवरचं पोर मागे वळून बघतं, आर्थर त्याला वेडीवाकडी तोंडं करून हसवतो. पोराची आई डाफरते. आर्थरला हसू फुटतं, थांबता थांबत नाही. मग तो खिशातून एक छापलेलं कार्ड काढून तिच्या हातात देतो. माझ्या हसण्याबद्दल माफ करा, हा आजार आहे, असा त्याचा मजकूर. वर कार्ड परत करण्याची विनंतीही.

"त्यात काय आवडलं?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही घाई केली नाही; अशा वेळी गप्प राहता येणं हे आमच्या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

"म... मला पण तसं कार्ड पाहिजे होतं. व्हायवाला."

मुलगा अडखळत बोलतो हे आईनं मला सांगितलंच नव्हतं. "ते लहानपणापासूनचं आहे, त्याचं काय," असं त्या नंतर म्हणाल्या. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो एका शब्दावर अडकला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तोंड उघडं राहिलेल्या क्षणाचा व्हॉट्सअॅप स्टिकर बनवला. ग्रुपवर कुणाला उत्तर येईना की तो स्टिकर पडायचा. कॉलेजात नाव पडलं 'बफरिंग'. चित्रपटातही टीव्हीवरचा मरे फ्रँकलिन आर्थरच्या फसलेल्या कार्यक्रमाची क्लिप दाखवून लोकांना हसवतो. बंदूक, रंगवलेला चेहरा, पेटलेलं शहर यातलं पोरानं काहीच उचललेलं नव्हतं. त्यानं उचललं होतं ते एक कार्ड.

पण सहानुभूतीवर थांबणं मला पटत नाही. माझा पिंड विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा, म्हणजे जे घडलं त्यावरून माणूस स्वतःला काय सांगतो ते तपासण्याचा. पुढच्या एका भेटीत तो तावातावानं म्हणाला, "लोकांनीच त्याला जोकर केलं. तो तरी दुसरं काय करणार होता?"

"आर्थरला राहू दे. स्टिकर फिरला त्या रात्री तू स्वतःला काय सांगितलंस?"

"की आता मी... कुणासमोर तोंड उघडणार नाही."

"हे त्या मुलांनी सांगितलं तुला?"

"नाही."

पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीच ठरवलं."

मी वाट बघत होते ती याच वाक्याची. स्टिकर बनवणाऱ्यांचा दोष त्यानं कमी होत नाही. ती तक्रार त्यानं आणि वडिलांनी पुढे कॉलेजात लेखी दिली, आणि देणं गरजेचंच होतं. पण तोंड बंद ठेवण्याचा हुकूम त्याचा स्वतःचा होता, त्यामुळे तो मागे घेणंही त्याच्याच हातात होतं.

मग मी त्याला अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. या पद्धतीचा जनक, वाढला त्याच ब्राँक्समध्ये. 19 वर्षांचा असताना मुलींशी बोलायला थरथरायचा. म्हणून तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचा. महिनाभरात 100 जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

"आलीच नाही?" म्हणत तो पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

कार्ड छापायच्या ऐवजी आम्ही एक वाक्य तयार केलं: 'मी बोलताना अडखळतो, जरा वेळ द्या.' आधी झेरॉक्सच्या दुकानात, मग बँकेत, मग वर्गात. लपवण्याची धडपड सुटली की अडखळण्याचा ताणही उतरतो. सोबत स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, कारण ते काम माझं नाही.

पालकांना माझं सांगणं असं की 'हा कसला घाणेरडा पिक्चर बघतोस' म्हणू नका. तुम्ही बोट ठेवाल ते त्याला आणखी प्यारं होईल. मूल सज्ञान असेल तर एकदा सोबत बसून बघा आणि कुठला प्रसंग आवडतो ते विचारा. उत्तर आलं की उपदेश सुरू करायचा नाही. 14-15 वर्षांचं असेल तर 'आत्ता नको' हे स्पष्ट सांगा, पण कारणासकट. डीपी बदलायची जबरदस्ती करू नका. आमच्या मुलानं तो महिनोन्महिने ठेवला होता, आणि मी एकदाही त्याबद्दल विचारलं नाही.

'समाजानं बनवलं' म्हणणाऱ्या मुलाला चित्रपट नीट आठवायला लावा. गॉथममध्ये सरकारी पैसा आटतो, आर्थर जिथे समुपदेशनाला जायचा ते कार्यालय बंद पडतं, औषधं थांबतात, सोबत काम करणारा त्याच्या हातात बंदूक ठेवतो. एवढे सगळे धागे तुटतात. त्या कार्यालयातल्या बाईला तो सुनावतो की तुम्ही ऐकतच नाही, दर आठवड्याला तेच प्रश्न विचारता. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकानं तो प्रसंग बघावा असं माझं मत आहे. आणि मानसिक आजार म्हणजे हिंसक, हा समज घेऊन कुणी बाहेर पडत असेल तर तो तिथेच खोडा. अशा माणसांनी कुणाला मारण्यापेक्षा त्यांनीच मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

खरी घाई करायची ती वेगळ्या वेळी. मूल विशिष्ट माणसाचं नाव घेऊन धमक्या देत असेल, हत्याराची जमवाजमव किंवा मुक्या प्राण्यांचे हाल करत असेल, 'मी नसलेलाच बरा' असं बोलत असेल, तर चित्रपटाची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. चालू असलेली औषधं त्यानं परस्पर सोडली असतील तरीही तेच. रात्री-अपरात्री कुणीच सापडलं नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.