चेहरा बघून कंपनीचा प्रमुख निवडतात का? आणि हे टाळता येतं का?

निवडतात. सर्रास निवडतात.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मोल्डिंग (साचे बनवणं) आणि मेल्टिंग (धातू वितळवणं) सांभाळायचो. प्लांट हेडची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यात कमी रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, माझ्या लाइनचं होतं. पण माझा चेहरा गोल, गाल भरलेले, दाढी विरळ. नवीन ट्रकवाला मलाच विचारायचा, "साहेब कुठायत?" मुलाखतीनंतर मालक म्हणाले, "काम तुझं एक नंबर, पण गिऱ्हाइकापुढं साहेब वाटायला पाहिजे." जागा मिळाली उंच, रुंद जबड्याच्या, भारदस्त माणसाला. तो प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातून आलेला, ओतकाम माहीत नसलेला. पहिल्याच आठवड्यात एक कास्टिंग (ओतलेला भाग) कापून मी त्याला दाखवलं: आतून गुळगुळीत पोकळी असेल तर ब्लोहोल, म्हणजे गॅसची भानगड. खरखरीत असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसलाय, तर रायझर (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा) बघा. साहेब वाटणाऱ्याला हे साहेब न वाटणाऱ्यानं शिकवायचं!

घरी सासरे म्हणायचे, "मिशी ठेवा, आवाज चढवा, मिळेल बढती." ते अजूनही तेच म्हणतात, म्हणून हे लिहितोय. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या ग्रॅहम, हार्वे आणि पुरी यांनी सुमारे 2,000 लोकांना सीईओंचे, म्हणजे कंपनीप्रमुखांचे, फोटो दाखवले. ज्यांचे चेहरे लोकांना कर्तबगार वाटले त्यांना पगार जास्त होता, पण त्यांच्या कंपन्यांची कामगिरी काही जास्त चांगली नव्हती. म्हणजे पैसे चेहऱ्याला मोजले.

यावर कोणी मानसशास्त्रज्ञ रूल आणि अंबाडी यांचा 2008 चा अभ्यास पुढे करेल. त्यात विद्यार्थ्यांना ज्या सीईओंचे चेहरे दमदार वाटले त्यांच्या कंपन्यांचा नफाही जास्त निघाला. पण नफ्यातल्या मोठ्या कंपन्या असेच चेहरे उचलत असतील, तर नफा चेहऱ्यानं आणला असं कसं म्हणायचं?

टाळायचं असेल तर मुलाखतीआधीच नावं आणि फोटो झाकून प्रत्येकाच्या कामाचे आकडे समितीपुढे ठेवा, आणि गुण तिथेच लिहून घ्या. मुलाखत त्यानंतर. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, आणि आमचा तो प्लांट हेड माणूस म्हणून चांगला होता, हेही सांगतो. पण मिशी ठेवायचा सल्ला कोणाला देऊ नका. बदलायचं ते निवडणाऱ्यांनी. मी मिशी ठेवली नाही, ठेवणारही नाही.