'टाका' म्हणजे शिवा की फेका?

प्रश्न : मी आणि माझी बहीण मिळून कपडे दुरुस्ती आणि अल्टरेशनचं छोटं काम सुरू करतोय. मशिनं आली, ओळखीतली कामंही यायला लागली, पण नावापाशी गाडं अडलंय. मला 'टाका' आवडतं. बहीण म्हणते 'रफू'. घरचे म्हणतात, दोघींची आद्याक्षरं घेऊन 'एस. एम. अल्टरेशन' करा, म्हणजे वादच मिटला. तुम्ही एवढी वर्षं पाट्या रंगवल्यात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : पत्र वाचलं आणि जुन्या सवयीने तिन्ही नावं ब्रशने कागदावर काढून पाहिली. 'टाका' फार देखणं उठलं. दोन अक्षरं, दोन काने, जोडाक्षराची भानगड नाही. रस्त्यापलीकडूनही वाचता येईल असं. खूश होऊन बायकोला कागद दाखवला आणि विचारलं, "हे कसलं दुकान असेल?" ती म्हणाली, "भंगारचं."

तिचं बरोबरच आहे. तुमच्या डोक्यात सुई-दोरा आहे म्हणून तुम्हाला त्यात टाका दिसतो. पाटी वाचणाऱ्याच्या डोक्यात तो नसतो. फाटकी पॅन्ट घेऊन दारात आलेल्या माणसाला तुमची पाटी सांगणार : टाका!

'रफू'वर चेष्टा होणार, 'कपडे घेऊन रफूचक्कर' वगैरे. ती दोन महिन्यांत विरून जाते. खरी अडचण अशी की ते कामाचंच नाव आहे. जो शब्द नुसतं कामाचं वर्णन करतो, त्यावर एकट्याचा हक्क सांगणं ट्रेडमार्कच्या कायद्यात बहुतेक सगळीकडे अवघड जातं. उद्या कुणी समोरच 'न्यू रफू' काढलं तर तुम्ही हात चोळत बसाल. शिवाय तुम्ही चेन बदलणार, उंची कमी करणार, कंबर सैल करून देणार. रफू हे त्यातलं एक काम.

आद्याक्षरांवर मात्र माझा जुना राग आहे. लोक आयबीएमचा दाखला देतात. पण ती कंपनी १९११ मध्ये 'कम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी' होती, १९२४ मध्ये 'इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स' झाली. कंपनी मोठी झाली म्हणून तिची तीन अक्षरं जगाच्या तोंडी बसली. तुमचं 'एस. एम.' ऐकणारा संध्याकाळपर्यंत 'एम. एस.' करून टाकेल. आणि माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या पाटीवर भागीदाराच्या नावातलं एक अक्षर आणि माझ्या नावातलं एक, अशी मोट बांधली होती. दीड वर्षात तो दुसऱ्या धंद्यात गेला, त्याचं अक्षर माझ्याकडेच राहिलं. पुढे कित्येक वर्षं नवी गिऱ्हाइकं मला त्याच्याच नावाने हाक मारायची. भांडण नव्हतं हो आमचं, पण पाटीला ते कसं कळणार!

काहीच अर्थ नसलेला नवा शब्द घडवायचा, हाही एक मार्ग आहे. जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' असंच घडवलं आणि १८८८ मध्ये नोंदवलं. छोटं, चुकीचं उच्चारता न येणारं, दुसऱ्या कशासारखं न वाटणारं. कायद्याच्या दृष्टीने असं नाव सगळ्यात भक्कम. मात्र त्या रिकाम्या भांड्यात अर्थ भरायला जाहिरात लागते, आणि दोन मशिनांच्या धंद्याला ती चैन कुठली परवडायला?

मी असतो तर कान लावून बसलो असतो. गिऱ्हाईक कपडा पुढे करताना काय म्हणतं? "जरा दोन टाके घालून द्या." मग 'दोन टाके' का नको? अनेकवचन झालं की फेकाफेकीचा अर्थ गळून पडतो, बहिणी दोन हेही आपोआप येतं, आणि काम केवढं तेही कळतं. एक खोट आहे, ती आधीच सांगतो : रोमन अक्षरांत ते कुणीतरी 'डॉन टेक' वाचणार. म्हणून पाटी, पावती, शिक्का देवनागरीतच ठेवा. वेबसाइटच्या पत्त्यात 'टाके'ला दोन 'ए' घाला. 'डॉन' तरीही उरेल. उरू दे.

ठरवण्याआधी फोनवरून एक परीक्षा घ्या. जेफ बेझोसने १९९४ मध्ये आपली कंपनी आधी 'कडॅब्रा' नावाने नोंदवली होती. फोनवर वकिलाला ते 'कडॅव्हर' ऐकू आलं, म्हणजे चक्क प्रेत! त्यानंतर 'अॅमेझॉन' आलं. तुम्हीही लांबच्या कुणाला तरी फोन करा, गप्पांत नाव एकदाच घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ते लिहून पाठवायला सांगा. चार जणांकडून चार तऱ्हेचं आलं तर नाव बाद. घरच्यांना विचारू नका. ते तुमच्या बाजूचे, त्यांना सगळं बरोबरच ऐकू येतं.

मग ट्रेडमार्कच्या नोंदी तपासा. बहुतेक देश वापरतात त्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि पुढचे ११ सेवांचे. तुमचं काम गमतीने दोन वर्गांत फाटतं : कपड्यांची दुरुस्ती ३७ मध्ये, अल्टरेशन ४० मध्ये. दोन्हीकडे बघा, आणि हुबेहूब नावच नव्हे तर उच्चाराने जवळचंही. स्पेलिंग बदललं म्हणून सुटका होत नाही. धंद्याची नोंदणी झाली म्हणजे ट्रेडमार्कही मिळाला, असंही समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रबरी शिक्का करायला टाकाल तेव्हा आधी नखाएवढा नमुना काढून बघा. जोडाक्षरांच्या पोटात शाई साचते. 'टाके'त तो धोका नाही. घरच्यांना 'एस. एम.' हवंच असेल, तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात घाला. तिथे ते कुणाला आडवं येणार नाही.