वाचकांचे प्रश्न : गोळीबाराच्या बातमीत काय मोजलं, काय वगळलं

अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवरचा लेख गेल्या अंकात आला आणि मुंबई-ठाण्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच : माध्यमं पक्षपाती आहेत, मग विश्वास ठेवायचा कशावर? त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एका वाहिनीने सांगितलं, अमेरिकेत 2023 मध्ये सहाशेहून जास्त 'मास शूटिंग' झाल्या. दुसरीकडे त्याच वर्षासाठी 48 हा आकडा वाचला. खोटं कोण बोलतंय? (दादर)

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. सहाशेचा आकडा 'गन व्हायोलन्स अर्काइव्ह' या संस्थेचा. हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली की त्यांच्या यादीत घटना चढते, मग एकही माणूस दगावला नसला तरी. पार्टीतलं भांडण, टोळ्यांची चकमक, घरातला गोळीबार, सगळं त्यात येतं. 48 हा आकडा एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचा आणि तो 'अ‍ॅक्टिव्ह शूटर' घटनांचा : गर्दीच्या जागी लोकांना मारायला निघालेला हल्लेखोर. टोळीयुद्ध, अमली पदार्थांचे वाद, घरापुरती भांडणं त्यातून वगळतात. आणखी एक नोंद 'मदर जोन्स' या मासिकाची. सार्वजनिक जागी तीन किंवा अधिक मृत्यू झाले तरच ते घटना धरतात (2013 पूर्वी चार धरत), म्हणून त्यांचा वर्षाचा आकडा डझनाच्या आसपास राहतो.

कल दिसतो तो आकडा आणि चित्र यांच्या जोडणीत. पडद्यावर शाळेबाहेर रडणारे पालक आणि खालच्या पट्टीत 'सहाशे घटना' असं दाखवलं, की सहाशे शाळांवर हल्ले झाले असंच बघणाऱ्याच्या मनात बसतं. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले. त्यानंतर 'वर्षातला हा अठरावा शालेय गोळीबार' हे वाक्य जगभर फिरलं. त्या अठरांत मिशिगनमधल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या वाहनतळावर एका माणसाने केलेली आत्महत्यासुद्धा मोजलेली होती. उलट बाजूचे लोक सगळ्यात अरुंद व्याख्या उचलतात आणि 'एवढीशी गोष्ट' म्हणतात. त्यात शिकागो किंवा फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांत मरणारी तरुण कृष्णवर्णीय मुलं हिशेबातूनच गळतात. आमच्या मते ही दुसरी लबाडी पहिलीइतकीच वाईट आहे.

बातमीत तीन गोष्टी शोधा : गोळी लागलेले मोजलेत की मेलेले, हल्लेखोर धरून की सोडून, घरातल्या आणि टोळीच्या घटना आत आहेत की बाहेर. तिन्हींपैकी काहीच सापडलं नाही तर तो आकडा कुठेही वापरू नका.

प्रश्न : अकरावीच्या मुलांची वादविवाद स्पर्धा आहे. बंदूक कायद्यावरच्या बातम्यांतली सर्वात मोठी त्रुटी कोणती, जी मुलांना नेमकी दाखवता येईल? (मुलुंड, शिक्षिका)

आत्महत्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नोंदीनुसार 2023 मध्ये बंदुकीने 46,728 मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे 27,300 आत्महत्या होत्या आणि सुमारे 17,900 खून. म्हणजे दर दहांत जवळजवळ सहा मृत्यू आत्महत्येचे. तरी महिनाभराच्या बातम्या काढून पाहिल्या तर त्या जवळपास पूर्णपणे खुनांच्या आणि सामूहिक हल्ल्यांच्या सापडतील. एकट्या माणसाने घरात जीव दिला, तर तिथे कॅमेरा जात नाही.

याचा परिणाम थेट कायद्याच्या चर्चेवर होतो. हल्ल्यात अर्धस्वयंचलित रायफल (घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) दिसली की चर्चा रायफलबंदीकडे वळते. पण एफबीआयच्या 2020 च्या नोंदीत बंदुकीने झालेल्या खुनांपैकी फक्त 3 टक्के रायफलीने झाले होते. 59 टक्क्यांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांत शस्त्राचा प्रकार नोंदवलेलाच नव्हता, हेही मुलांना सांगा, नाहीतर प्रतिपक्ष तिथेच पकडेल. आत्महत्या कमी करायला उपयोगी पडतील असे उपाय वेगळे आहेत : शस्त्र कुलपात आणि काडतुसं वेगळी ठेवण्याची सक्ती, खरेदी आणि ताबा यांत काही दिवसांचं अंतर, आणि माणूस स्वतःला किंवा इतरांना धोका असेल तर न्यायालयाच्या आदेशाने शस्त्र तात्पुरतं काढून घेणं. हा शेवटचा कायदा वीसहून अधिक राज्यांत आहे. आपल्याकडच्या बातम्यांत त्याचं नावही क्वचित येतं.

दोन्ही पक्ष हा आकडा सोयीने वापरतात. नियंत्रणवादी एकूण मृत्यूंचा मोठा आकडा सांगतात आणि चित्र रायफलीचं दाखवतात. विरोधक म्हणतात, आत्महत्या मोजूच नका, ज्याला मरायचंय तो मरेलच. हे दुसरं विधान वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. तो आवेग अनेकदा थोड्या वेळाचा असतो. बंदुकीने केलेले बहुतेक प्रयत्न प्राणघातक ठरतात, आणि इतर अनेक मार्गांत वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

दर आणि संख्या यांची गफलतही मुलांना दाखवा. 2021 मध्ये 48,830 मृत्यू झाले, तोवरची सर्वाधिक संख्या. 'विक्रमी' हा मथळा संख्येपुरता बरोबर होता. पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर 2021 चा दर लाखामागे 14.6 होता आणि 1974 चा 16.3. मथळा कोणत्या आकड्याचा आहे, हे आधी विचारायचं.

प्रश्न : नव्वद टक्के अमेरिकनांना पार्श्वभूमी तपासणी हवी असते म्हणतात. मग कायदा का होत नाही? की ही पाहणीच पक्षपाती? (ठाणे, विधी शाखेचा विद्यार्थी)

पार्श्वभूमी तपासणी म्हणजे बंदूक घेणाऱ्याच्या गुन्ह्यांची वगैरे नोंद विक्रीआधी तपासणं. पाहण्या खोट्या नाहीत, पण प्रश्न तत्त्वाचा असतो आणि मतदान मसुद्यावर होतं. 2016 मध्ये मेन आणि नेवाडा या दोन राज्यांत खासगी विक्रीलाही तपासणी लावण्यावर थेट जनमत झालं. मेनमध्ये प्रस्ताव पडला. नेवाडात निम्म्याच्या जेमतेम वर मतं मिळाली. नव्वद टक्के कुठेच दिसले नाहीत. 'विकताना तपासणी हवी का?' याला लोक हो म्हणतात. मित्राला शिकारीसाठी चार दिवस बंदूक दिली तर काय, हे मसुद्यात वाचलं की काही जण मागे फिरतात.

दुसरं कारण सिनेटचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, नियम. तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायला शंभरातली साठ मतं लागतात. सँडी हूक शाळेत डिसेंबर 2012 मध्ये 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर एप्रिल 2013 मध्ये तपासणी वाढवणारी दुरुस्ती 54 विरुद्ध 46 अशी अडली. साध्या बहुमताने ती जिंकली असती.

आपल्याकडच्या बातम्या सर्वात जास्त चुकतात त्या इथे. जुलै 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने (कनिष्ठ सभागृहाने) काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवरच्या बंदीचं विधेयक 217 विरुद्ध 213 मतांनी मंजूर केलं. नुसता मथळा वाचणाऱ्याला बंदी आली असं वाटावं. सिनेटने ते मंजूर केलंच नाही आणि आजही देशपातळीवर तशी बंदी नाही. 1994 ची होती, ती 2004 मध्ये मुदत संपून गेली. प्रतिनिधिगृहाच्या त्या मतदानाआधीच, 25 जून 2022 रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने जो कायदा झाला तो वेगळाच होता : 21 वर्षांखालच्या खरेदीदारांची वाढीव तपासणी आणि राज्यांना निधी.

तुम्ही विधी शिकता, तर अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाका. समिती, प्रतिनिधिगृह, सिनेट, राष्ट्राध्यक्ष यांपैकी विधेयक कुठवर आलं ते तिथे तारखेनिशी दिसतं. न्यायालयाची बाजू धरायची असेल तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे निदान दोन निकाल वाचाच : 2008 चा हेलर (बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरला तो) आणि 2022 चा ब्रुएन. ब्रुएननंतर कायद्याला इतिहासात आधार आहे का, ही कसोटी लागली. अनेक राज्यांचे कायदे त्यावरच अडकले, आणि बातमीत मात्र 'न्यायालयाचा दणका' एवढंच येतं.

आणि 'चाळीस टक्के बंदुका तपासणीविना विकल्या जातात' हे वाक्य दिसलं तर थांबा. ते नव्वदच्या दशकातल्या एका छोट्या पाहणीतून आलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो आकडा 22 टक्के होता.

प्रश्न : घटना घडल्या घडल्या व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीचा पूर येतो. बातमी कधी खरी मानायची? (गिरगाव)

पहिल्या दिवशी फक्त ठिकाण आणि वेळ धरा. सँडी हूकच्या वेळी पहिल्या काही तासांत हल्लेखोराच्या भावाचंच नाव हल्लेखोर म्हणून जगभर गेलं. अधिकृत निवेदनही पुरावा नसतं. मे 2022 मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. पोलिसांनी तत्परतेने सामना केला, असं आधी सांगण्यात आलं. नंतर उघड झालं की ते 77 मिनिटं वर्गाबाहेर थांबले होते. हेतू, हल्लेखोराचा धर्म, त्याचा पक्ष, साथीदार किती, यांतलं काही आठवड्याभरात पुढे पाठवू नका.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात बंदुका गोळा केल्या आणि प्रश्न मिटला, हे खरं ना? (गोरेगाव)

1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 जण मारले गेल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. नंतर बंदुकीने होणारे मृत्यू घटले, हे खरं. ते आधीपासूनच घटत होते, हेही खरं. घट किती वाढली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आत्महत्यांच्या बाबतीत पुरावा जास्त बळकट आहे. एवढं सगळं एका मथळ्यात मावत नाही, म्हणून अर्धंच छापलं जातं.

प्रश्न : आपल्याकडे गोळीबार झाला की वाहिन्यांवर 'परवाने रद्द करा' सुरू होतं. मुळात परवान्याच्याच बंदुकीने गोळीबार होतात का? (दहिसर)

दोन्ही प्रकारचे होतात आणि बातमीत ते वेगळे करून सांगायलाच हवेत. फेब्रुवारी 2024 मध्ये तुमच्याच भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. इथे परवान्याचा प्रश्न रास्त आहे : दुसऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र भलत्याच्या हाती गेलं कसं? ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्र्यात बाबा सिद्दिकींची हत्या झाली, त्यात बेकायदा आणलेली पिस्तुलं होती. तिथे परवाने रद्द करून काहीही साधलं नसतं. प्रश्न पुरवठ्याच्या साखळीचा होता. दोन्ही वेळा स्टुडिओतली चर्चा मात्र 'मुंबईत गँगवॉर परतलं का?' याच वळणावर गेली.

कायदा असा. शस्त्र अधिनियम 1959 चा, नियम 2016 चे. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालय देतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज नाकारला तर अपील करता येतं. भारतात शस्त्र बाळगणं हा अमेरिकेसारखा मूलभूत हक्क नाही, म्हणून तिकडचे युक्तिवाद इथे जसेच्या तसे लावणारा निवेदक दोन्हीकडची माहिती चुकीची देतो.

आता नेहमीची बातमी घ्या : 'एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसं जप्त, सराईत गुन्हेगार जेरबंद.' हा मजकूर बहुधा पोलिसांच्या प्रेसनोटमधून जशाच्या तशा शब्दांत उचललेला असतो. कट्टा चालू स्थितीत आहे का, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा ठरवते. आपल्याकडे ती कलिन्याला आहे आणि अहवाल यायला वेळ लागतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 च्या (विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या) गुन्ह्यात खटला भरण्यापूर्वी कलम 39 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मंजुरी नीट नसेल, पंच फिरले किंवा मुद्देमालाचं सील शंकास्पद निघालं, तर आरोपी सुटतो. 'जेरबंद' पहिल्या पानावर आलेलं असतं, सुटका कुठेच छापून येत नाही. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांनी नियमाने पोलीस ठाण्यात ठेवलेली शस्त्रं आणि पोलिसांनी पकडलेली बेकायदा शस्त्रं यांचे आकडे एकाच चौकटीत छापले, की सगळा साठा गुन्हेगारांचा वाटतो. ते आकडे वेगळे करूनच वाचा.

प्रश्न : बातमी उघड चुकीची असेल तर तक्रार कुठे करायची? (डोंबिवली)

छापील बातमी असेल तर आधी संपादकांना लेखी कळवा : तारीख, पान, चुकीचं वाक्य आणि बरोबर माहितीचा पुरावा. उत्तर समाधानकारक नसेल तर भारतीय प्रेस परिषदेकडे जा. दैनिक किंवा साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे. सोबत कात्रण, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसल्याचं निवेदन जोडायचं. परिषद ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही.

वाहिनी असेल तर 2021 च्या केबल नियमांप्रमाणे आधी वाहिनीकडेच तक्रार. तिने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पटलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन मंडळाची सभासद आहे तिथे अपील. अनेक तक्रारी फेटाळल्या जातात त्या 'वाहिनी पक्षपाती आहे' एवढंच लिहिल्यामुळे. त्याऐवजी कार्यक्रमाचं नाव, तारीख, कितव्या मिनिटाला काय म्हटलं, आणि ते कोणत्या नोंदीशी जुळत नाही, हे लिहा. चित्रफीत त्याच दिवशी उतरवून ठेवा. ती नंतर काढून टाकली जाऊ शकते.