नाशिकमध्ये सिम कंपनीच्या स्टोअरमधून ५जी फोन घ्यावा का? की येणाऱ्या नव्या मॉडेलसाठी थांबावं?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: राहायला गंगापूर रोडला, गाव सुरगाणा तालुक्यात, दर पंधरा दिवसांनी गावी जाणं. बजेट पंधरा हजार. सध्या जिओ, पण एअरटेलला पोर्ट करायचं मनात आहे. स्टोअरमध्ये सांगितलं, "नवीन ५जी फोन आलेत, पुढच्या महिन्यात अजून येतायत." तिथून घ्यावा का, आणि घाई करावी का?

फोन कुठून घ्यायचा हा प्रश्न दुय्यम आहे. तुमच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'जिओवरून एअरटेल' ही आहे आणि पंधरा हजारांच्या आतल्या फोनमध्ये नेमकी तिथेच फसगत होते.

दोन्ही कंपन्यांचं ५जी एकाच पद्धतीचं नाही. जिओने २०२२ पासून स्वतंत्र ५जी उभारलं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर बसणाऱ्या ५जीने, म्हणजे एनएसए. बहुतेक फोन दोन्ही चालवतात, पण सगळे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी हे ठळक उदाहरण. साडेआठ हजारांच्या आसपासचा फोन, डब्यावर मोठ्ठं ५जी, पण त्यातली स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ चिप फक्त एसए चालवते. जिओचं सिम घाला, ५जी लागतं. एअरटेलच्या एनएसए टॉवरखाली उभे राहा, तोच फोन ४जीवर बसून राहतो. फोन बिघडलेला नसतो, सिमही नाही. चिपला ती भाषाच येत नाही. तुम्ही आज जिओवर असा फोन घेतलात आणि दोन महिन्यांनी पोर्ट केलंत, तर फोनला नावं ठेवाल की कंपनीला, हे ठरवणं अवघड जाईल. म्हणून दुकानात "५जी आहे ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येणार. फोनच्या ब्रँडच्या अधिकृत वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलंय का, ते बघा.

त्याच पानावर बँड असतात, म्हणजे फोन ज्या लहरींच्या पट्ट्यांवर नेटवर्क पकडतो ते. जिओचं ५जी एन२८ (७०० मेगाहर्ट्झ) आणि एन७८ (३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) या दोन बँडवर मुख्यतः आहे. एअरटेलचा भर एन७८ वर. एन७८ला वेग भरपूर, पण भिंत आली की दम निघतो. एन२८ला वेग बेताचा, पण तो भिंतीतून आत येतो आणि लांब जातो. जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर मागच्या खोलीत बसलेल्याला एन२८ असणं-नसणं लगेच जाणवतं. म्हणून गंगापूर रोडला मोकळ्या गॅलरीत उभं राहून केलेली स्पीड टेस्ट फारशी कामाची नाही. ती आतल्या बेडरूममध्ये, दार लावून करायची.

आता गावाचं. दिंडोरी, वणीपर्यंत सगळं ठीक असतं. वणी सोडून सुरगाण्याच्या बाजूला डोंगर सुरू झाले की ५जीची चर्चा संपते आणि "कॉल लागतो का" एवढाच प्रश्न उरतो. तिथे बीएसएनएलचा विचार जरूर करा. जिथे नेटवर्कच नाही अशा देशभरातल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याचं काम सरकारने जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलकडे दिलं, आणि त्यांचं ४जी मुख्यतः बँड २८ (७०० मेगाहर्ट्झ) आणि बँड १ (२१०० मेगाहर्ट्झ) वर चालतं. मेख अशी की ५जीचा एन२८ आणि ४जीचा बँड २८ या फोनच्या यादीत दोन वेगळ्या नोंदी असतात. एक आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही. एलटीई किंवा ४जीच्या रांगेत २८ हा आकडा स्वतंत्र दिसला पाहिजे. गावात बीएसएनएलचा नवा टॉवर असूनही काही जुन्या फोनमध्ये रेंज येत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

मग कंपनीच्या स्टोअरचं काय? परदेशात सिम कंपनी दोन वर्षांच्या करारावर फोन देते, तशी पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही. आपल्याकडे स्टोअरमध्ये मिळणारे बहुतेक फोन हे दुकानात मिळतात तेच, कुलूप नसलेले. सोबत कूपन, जादा डेटा किंवा एखाद्या ॲपचं सबस्क्रिप्शन. पण स्वस्तातल्या काही 'खास आवृत्त्या' खरंच कुलूपबंद येतात. जुलै २०२३ मध्ये पोको सी५१ ची एअरटेल आवृत्ती ५,९९९ रुपयांना आली, अट होती १८ महिने एअरटेल प्रीपेडच वापरायचं. २०२४ मध्ये पोको एम६ ५जी ची अशीच आवृत्ती आली. त्याआधी दिवाळी २०२१ ला ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट आला, त्यात डेटा फक्त जिओचाच चालायचा. ही फसवणूक नव्हे, अट उघड लिहिलेली असते. पण ती डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात आणि ऑनलाइन पानावर अगदी तळाशी असते. जो माणूस दोन वर्षं कंपनी बदलणारच नाही, त्याच्यासाठी हजार-दीड हजार वाचवायचा हा चांगला मार्ग आहे. तुमच्यासाठी मात्र नाही. एका स्लॉटमध्ये जिओ किंवा एअरटेल आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये गावासाठी बीएसएनएल असं तुम्हाला लागणार, आणि लॉक फोनमध्ये दुसरं सिम नीट चालेलच याची खात्री नाही.

सॅमसंगच्या डब्यावर भारतातलं सिम घालून आधी एकूण पाच मिनिटं कॉल करा, अशा अर्थाचं स्टिकर दिसलं तर बिचकू नका. ते कंपनीचं लॉक नाही, देशाचं आहे. पाच मिनिटं बोललात की सुटतं. उलट एम. जी. रोडला कुणी "दुबईचा पीस आहे, दोन हजार कमी" म्हणालं तर ते दोन हजार विसरा. बाहेरच्या पीसमध्ये बँड वेगळे असू शकतात आणि आपल्या कंपन्यांची व्होल्टीई (४जीवरून कॉल) सेटिंग नसली की डेटा चालतो पण कॉल लागत नाही. जिओला तर २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टीई नाही म्हणजे साधा कॉलही नाही.

थांबावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बजेटमध्ये थांबू नका. महागड्या फोनचं कॅलेंडर ठरलेलं असतं. सॅमसंगची एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत, पिक्सेल ऑगस्टच्या आसपास, आयफोन सप्टेंबरमध्ये. नवा आयफोन आला की ॲपल भारतात आदल्या वर्षीच्या मॉडेलची किंमत उतरवते; आयफोन १६ हा ७९,९०० चा ६९,९०० झाला तो असाच. तिथे थांबण्यात अर्थ आहे. पंधरा हजारांत दर महिन्याला काहीतरी 'नवीन' येतं आणि आत बरेचदा जुनंच असतं. ऑगस्ट २०२३ च्या रेडमी १२ ५जी मध्ये स्नॅपड्रॅगन ४ जेन २ होती. मार्च २०२५ च्या पोको एम७ ५जी मध्येही तीच. दीड वर्षात बॅटरी, डबा आणि नाव बदललं. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्यात, त्यामुळे पुढचं मॉडेल स्वस्त येईल ही आशा धरू नका. थांबायचंच असेल तर दसरा-दिवाळीच्या सेलसाठी थांबा, मॉडेलसाठी नको. आणि "पुढच्या महिन्यात येतोय" हे खरं की विक्रीची बोलणी, हे बघायचं असेल तर त्याच्या मॉडेल नंबरची बीआयएसमध्ये (सरकारी मानक संस्थेत) नोंदणी झाल्याची बातमी शोधा. त्या नोंदणीशिवाय फोन इथे विकता येत नाही.

हप्त्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी एक हिशोब देतो, कारण स्टोअरमध्ये 'नो कॉस्ट ईएमआय' सुचवणारच. क्रेडिट कार्डावर पंधरा हजार, सहा हप्ते, दरमहा २,५००. बँक वर्षाला १५ टक्के व्याज लावते असं धरलं तर साधारण ६३५ रुपये व्याज होतं आणि तेवढीच सूट किमतीत दिली जाते. इथपर्यंत खरंच नो कॉस्ट. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११४ रुपये, आणि प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसकट २३५. एकूण साडेतीनशे रुपये जातात. परवडत असेल तर घ्या, फुकट समजून घेऊ नका. फायनान्स कंपनीकडून घेतलात तर फोनमध्ये लॉक ॲप टाकलं जातंय का ते विचारा. हप्ता चुकला की स्क्रीन बंद होते, आणि हप्ते संपल्यावर ते काढून घेणं हे तुम्हालाच मागे लागून करावं लागतं.

काउंटरवर सील तुमच्यासमोर फोडायला लावा. विक्रीचं टार्गेट पूर्ण दाखवायला काही वेळा फोन आधीच ॲक्टिव्हेट केलेला असतो आणि वॉरंटी तेव्हापासूनच धावू लागते. *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. ब्रँड आणि मॉडेल उत्तरात येतं. ब्रँडच्या वेबसाइटवर तोच नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. "बिलाशिवाय पाचशे कमी" हा सौदा करू नका. उद्या फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करताना बिल हाताशी असलेलं बरं.

शेवटी पोर्टचा क्रम. आधी फोन, मग पोर्ट. शेजाऱ्याचं किंवा मित्राचं एअरटेल सिम दहा मिनिटं मागून नव्या फोनमध्ये घाला, घरात आणि गावात दोन्हीकडे. सॅमसंग असेल तर *#००११#, बाकी बऱ्याच अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोन नेमका कशावर आहे ते दिसतं. वरच्या पट्टीतल्या ५जी चिन्हापेक्षा हे भरवशाचं. एनआर म्हणजे ५जी, एलटीई म्हणजे ४जी; पण एनएसए ४जीच्या खांद्यावर बसतं, त्यामुळे तिथे ५जी चालू असूनही एलटीई दिसू शकतं. एक लक्षात ठेवा, जुलै २०२४ पासून दोन्ही कंपन्यांचं अमर्याद ५जी साधारणपणे रोजच्या २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनला मिळतं. मित्राचा प्लॅन छोटा असेल तर ५जी न दिसण्यात फोनचा दोष नाही.

समाधान झालं तर इंग्रजीत पोर्ट, जागा सोडून तुमचा नंबर, असा मेसेज १९०० वर. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेलं असेल तर कोड मिळत नाही. तुमचा नंबर महाराष्ट्र सर्कलचा (टेलिकॉम विभागाचा) असेल तर तीन कामाच्या दिवसांत होतं. मुंबईत घेतलेला असेल तर मुंबई हे वेगळं सर्कल आहे, पाच दिवस धरा. रिचार्ज संपायच्या आदल्या दिवशी कोड मागू नका, आणि ज्या रात्री नंबर बदलणार त्या रात्री कुठलाही हप्ता किंवा बँकेचा ओटीपी लागणारं काम ठेवू नका. जुनं सिम बंद होऊन नवं सुरू होईपर्यंत काही तास मेसेज येत नाहीत.